खालच्या थराला वरचं काय दिसतं?

२०२५ च्या दहीकाल्याला ठाण्यात दहा थर लागले. बार्सिलोनात फोनवर बघताना माझ्या अंगावर काटा आला. पाठोपाठ नौपाड्यातल्या मित्रांचं व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षीचं भांडण जुंपलं. उंचीला मर्यादा घाला, बक्षिसं बंद करा, परंपरेला हात लावू नका! २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, तरी वाद तोच. पथक सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

मी पाच वर्षं खालच्या थरात उभा राहिलोय. पुढच्याच्या घामेजल्या पाठीत तोंड खुपसलेलं, खांद्यावर भार, वरचं काहीही दिसत नाही. आमचे प्रशिक्षक दादा ओरडायचे, "पाच लागले! दाबून धरा!" तेवढ्या हाकेने अंगात बळ यायचं. पुढे ऐरोलीत नोकरी केली, तिथे अशी हाक कधी ऐकू आली नाही. साहेब रात्र-रात्र बसवून घ्यायचे. काम कुणासाठी, कुठवर आलंय, काही सांगायचे नाहीत. चांगली माणसं तिथे नुसती दमून गेली.

इथे स्पेनमध्ये, बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियातही मानवी मनोरे रचतात, त्यांना 'कास्तेल' म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. थर चढू लागले की चौक शांत होतो. सनईच्या जातीचं 'ग्राल्या' नावाचं वाद्य तेवढं वाजतं आणि त्या सुरांवरून तळातल्या माणसांना कळतं, मनोरा कुठवर आला. स्पर्धेत मनोरा लागला पण उतरताना कोसळला, तर गुण कमी मिळतात. त्यामुळे तिथला प्रमुख वेळेत माघार घ्यायला लाजत नाही.

आपल्याकडे स्टेजवरचे लाउडस्पीकर बक्षिसांचे आकडे पुकारत असतात, त्यात प्रशिक्षकाची हाक खाली पोचतच नाही. मला उंचीपेक्षा याची जास्त भीती वाटते. ठाण्यातल्या आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिला थर लागल्यापासून शेवटचा गोविंदा उतरेपर्यंत स्पीकर बंद ठेवा. आणि सुखरूप उतरण्यालाही बक्षीस लावा.

एका वर्षी आमचे सहा थर लागले होते, सातवा चढत होता. चौथ्या थरातल्या पोराचा गुडघा थरथरताना दादांनी पाहिला. "उतरा रे, सावकाश," एवढंच म्हणाले. हंडी राहिली, बक्षीस गेलं. पुढच्या गुरुपौर्णिमेला सरावाला तीच सगळी पोरं हजर होती, आणि चौथ्या थराला तोच पोरगा.