बर्लिनला गेट नाही, म्हणजे रामराज्य नव्हे

बर्लिन फिरून आलेला मराठी माणूस आणि हे वाक्य, यांची ताटातूट सहसा होत नाही: "अहो, तिथे मेट्रोला गेटच नाही! कोणी तिकीट विचारत नाही. लोकच इतके प्रामाणिक!" पुढचं वाक्यही ठरलेलं. "आपल्याकडे असं केलं ना…" आणि मग सुस्कारा. याच चालीवरचा एक फॉरवर्ड तर वर्षानुवर्षं फिरतोय. विनातिकीट तीनदा पकडला गेला म्हणून हुशार तरुणाला युरोपात कुठेच नोकरी मिळाली नाही, वगैरे. असा काका प्रत्येक ग्रुपवर असतो.

गेट नाही हे खरं. तिथली मेट्रो म्हणजे यू-बान, लोकल म्हणजे एस-बान. दोन्हीकडे रस्त्यावरून जिना उतरा किंवा चढा, थेट फलाटावर. पण त्यात संस्काराचा भाग थोडा आणि हिशेबाचा जास्त. पश्चिम जर्मनीत साठच्या दशकात माणसं मिळेनात, पगार वाढत होते. दारावर तिकीट तपासणारे आणि गाडीतले कंडक्टर परवडेनासे झाले. म्हणून तिकीट प्रवाशानेच काढायचं, शिक्काही त्यानेच मारायचा आणि अधूनमधून तपासनीस येणार, अशी पद्धत रुळली. शिवाय बहुतेक रोजचे प्रवासी पासवाले. त्यांच्यासाठी शेकडो दारांवर यंत्रं बसवा, ती सांभाळा, बिघडली की दुरुस्त करा, हा खर्च कशाला? लंडनला गेट आहेत, पॅरिसला आहेत. आपल्या पुणे मेट्रोलाही आहेत. म्हणून लंडनचे लोक चोर ठरतात का? (पुणेकरांबद्दल मी बोलणार नाही, कमेंटमध्ये तुम्ही बोलालच.)

आणि "कोणी विचारत नाही" हे तर साफ चूक. यू-आठ या मेट्रो मार्गावरच्या पिवळ्या डब्यात पाहिलेला प्रसंग सांगतो. दार बंद झालं, गाडी हलली आणि इतका वेळ दांड्याला टेकून उभी असलेली दोन पोरं सरळ झाली. जाकीट, पाठीला सॅक, पायात मळके बूट. एकाने गळ्यातलं ओळखपत्र बाहेर काढलं. "फारशाइने, बिट्टे." म्हणजे तिकिटं दाखवा. डब्यातल्या निम्म्या लोकांनी मान वर न करता मोबाइल पुढे धरला, परत स्वतःकडे वळवला, संपलं. अडकलं ते एक वयस्कर स्पॅनिश जोडपं. तिकिटं होती, कोरी करकरीत. शिक्का मारायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. बाईंनी नकाशा दाखवला, पावती दाखवली, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. पोरगा शांतपणे दंडाचं यंत्र काढून उभा. माणशी 60 युरो. अर्धा डबा ते बघत होता आणि कोणीही मध्ये पडलं नाही.

दंडावरच थांबत नाही. जर्मनीत विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे. दंडसंहितेचं कलम 265-अ, 1935 सालचं, म्हणजे नाझी काळातलं. जास्तीत जास्त शिक्षा एक वर्ष कैद. वारंवार सापडलेल्यावर खटला होतो, कोर्टाने ठोठावलेला दंड भरता आला नाही की त्या बदल्यात तुरुंग. बर्लिनच्या प्लेट्झेनझे तुरुंगात असे लोक असतात, बहुतेक बेघर, व्यसनी, बेरोजगार. 2021 मध्ये 'फ्रायहाइट्सफोंड्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. तो वर्गणी काढून अशांचे दंड भरतो आणि त्यांना सोडवतो. 2023 मध्ये ड्युसेलडॉर्फ आणि कोलोन या शहरांनी असल्या फौजदारी तक्रारी थांबवायचं ठरवलं. हे सगळं काकांच्या फॉरवर्डमध्ये का येत नाही?

गंमत म्हणजे ही पद्धत आपल्याला अजिबात नवी नाही. मुंबईच्या लोकलला कुठे गेट आहे? पास, अचानक उगवणारा टीसी, किमान 250 रुपये दंड अधिक भाडं. तत्त्व तेच. कूपन आठवतात का? आधी पुस्तिका घ्यायची, मग फलाटावरच्या मशीनमध्ये आपणच पंच करायचं. डोंबिवलीकराला बर्लिनचं तिकीट समजायला पाच मिनिटं लागू नयेत. पण आपली लोकल म्हणजे गर्दी आणि त्यांची एस-बान म्हणजे संस्कृती, हे आपण आधीच ठरवून विमानात बसतो.

आता जाणाऱ्यांसाठी. ते छतउघड्या टूर-बसचं महागडं तिकीट काढू नका. 100 नंबरची साधी दुमजली बस झूपासून आलेक्झांडरप्लाट्झला जाते. विजयस्तंभ, राइखस्टाग म्हणजे संसदेची इमारत, उंटर डेन लिंडेन हा प्रसिद्ध रस्ता, सगळं वाटेत. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा, त्यासाठी आपला लोकलचा अनुभव कामी येतो. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. त्यावर परत फिरायचं नाही आणि गोल चक्करही मारायची नाही. म्हणून एस-41 किंवा एस-42 मध्ये बसून तासाभरात शहराला प्रदक्षिणा घालायची असेल (37 किलोमीटर, 27 स्टेशनं) तर 24 तासांचं तिकीट घ्या. भाड्यासाठी ए, बी, सी असे झोन आहेत. शहरासाठी ए-बी पुरतो, विमानतळ मात्र सी मध्ये येतो. कागदी तिकीट असेल तर यू-बान, एस-बानला शिक्का फलाटावरच मारायचा, बस-ट्राममध्ये आत चढल्यावर. जास्त दिवस राहणार असाल तर डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास बघा. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं, जानेवारी 2025 मध्ये 58 झालं. देशभरातल्या लोकल, मेट्रो, बस, साध्या रेल्वेगाड्या त्यात येतात. पण ते दर महिन्याला आपोआप चालू राहतं. महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाहीत तर तुम्ही ठाण्यात आणि पुढच्या महिन्याचे पैसे बर्लिनला.