हॅमिल्टनला गद्दार म्हणणाऱ्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

दादा, कमेंट पूर्ण वाचली, आणि डिलीट बिलीट काही करणार नाहीये, निश्चिंत राहा. इतरांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलेलं की फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर हॅमिल्टन याने मर्सिडीज टीम सोडून फेरारी धरली यात वावगं काही नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की ऑगस्ट 2023 ला दोन वर्षांची सही करायची आणि 1 फेब्रुवारी 2024 ला दुसऱ्याच टीमची घोषणा, ही सरळ गद्दारी, शूमाकरने असलं कधी केलं नसतं, फेरारीत ज्याची सीट गेली त्या साइन्झचा बळी गेला तो वेगळाच, आणि मी आंधळा फॅन आहे. शेवटचं सोडून देऊ, बाकीच्यावर बोलू. (आणि गद्दार हा शब्द आपल्याकडे हल्ली इतका स्वस्त झालाय की निदान मोटरस्पोर्टला तरी त्यातून वगळावं.)

पहिली गोष्ट म्हणजे तो करार सरळ दोन वर्षांचा नव्हता, 1+1 होता. 2024 पक्कं, त्यानंतर बाहेर पडायची सोय. आणि ही पळवाट हॅमिल्टनच्या वकिलाने गुपचूप घुसडली असं नाही हो, मर्सिडीजचा बॉस टोटो वोल्फने नंतर स्वतःच बोलून दाखवलं की करार छोटा ठेवला तो विचार करूनच, वय वाढतं तशी ड्रायव्हरची धार कमी होते आणि टीमला पुढची पिढी बघावी लागते. पुढची पिढी म्हणजे किमी अँटोनेली हा पोरगा, तयारच होता. इटलीत मोंझाला 2024 मध्ये पहिल्यांदा फ्री प्रॅक्टिसला (रेसआधीच्या सरावाला) बसवला, दहाएक मिनिटांत पॅराबोलिकाच्या वळणावर गाडी ठोकली, आणि तरी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की 2025 ला हॅमिल्टनच्या जागी हाच! इतका विश्वास एका रात्रीत येत नाही. म्हणजे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट मालकाने करून घ्यायचं आणि भाडेकरूने मुदतीत घर सोडलं की बेइमान म्हणून बोंबलायचं, असं झालं हे.

आणि सांगितलं कसं तेही बघा ना. सीझन सुरू व्हायच्या आधी, वोल्फच्या घरी नाश्त्याला बसून तोंडावर सांगितलं. मग सबंध 2024 त्याच गाडीत, सिल्व्हरस्टोनची रेस जिंकला, स्पाची जिंकला (टीममेट रसेल डिस्क्वालिफाय झाला म्हणून, मान्य), आणि अबुधाबीच्या शेवटच्या रेसला सोळावा सुटून चौथा आला, त्यातही शेवटच्या लॅपला त्याच रसेलला मागे टाकून. निघालेला माणूस इतकं रक्त आटवत नाही.

आता शूमाकर. दादा, उदाहरण निवडताना जरा गडबड झाली तुमची. तो फॉर्म्युला वनमध्ये आला तीच गोष्ट आठवा. ऑगस्ट 1991, स्पा, जॉर्डन टीमचा नेहमीचा ड्रायव्हर गाशो लंडनमध्ये तुरुंगात, मर्सिडीजने पैसे भरून आपला पोरगा त्या सीटवर बसवला, त्याने क्वालिफायिंगला सातवा नंबर काढला, रेसला पहिल्याच लॅपमध्ये क्लच गेला. आणि पुढची रेस, मोंझा, तर साहेब बेनेटन टीममध्ये! टीमचा मालक एडी जॉर्डन कोर्टात गेला, उपयोग शून्य. पण मला त्यात खरं वाईट वाटतं ते रॉबर्टो मोरेनोचं. त्याच स्पाला मोरेनो बेनेटनमधून चौथा आला होता, रेसमधला फास्टेस्ट लॅपही त्याचाच, आणि बक्षीस काय तर नारळ. शेवटी पैसे घेऊन बाजूला झाला आणि मोंझाला जॉर्डनच्या रिकाम्या सीटवर बसला. या सगळ्या तमाशानंतरच करारांचे वाद सोडवायला जिनिव्हाचं ते काँट्रॅक्ट रेकग्निशन बोर्ड आलं, ज्याने 2022 मध्ये पियास्त्री हा ड्रायव्हर अल्पीन टीमचा नाही, मॅक्लारेनचा असा निकाल दिला.

शूमाकरला नावं ठेवायला हे सांगत नाहीये, माझ्याही कपाटात फेरारीची लाल टोपी आहे. त्या वेळी जे शक्य होतं ते त्याच्या माणसांनी केलं. पण फेरारीची निष्ठा म्हणाल तर 2006 ची मोंझा आठवा. रेस त्याने जिंकली, आणि त्याच दुपारी त्याच्या निवृत्तीसोबत त्याच्या जागी रायकोनेनच्या येण्याचीही घोषणा झाली. पुढे 2010 ला परत आला तो कुठे, तर मर्सिडीजमध्ये. आणि सप्टेंबर 2012 मध्ये मर्सिडीजने त्याची सीट दिली कोणाला? हॅमिल्टनला. शूमाकरने बिचाऱ्याने आठवड्याभरात जपानच्या सुझुकाला निवृत्ती जाहीर केली. तेव्हा मर्सिडीजला गद्दार म्हणणारी कमेंट तुम्ही कुठे टाकली असेल तर लिंक द्या, मी लाइक करतो.

साइन्झच्या बाबतीत मात्र तुमचा राग मला पटतो, फक्त पत्ता चुकलाय. त्याचा करार 2024 अखेर संपतच होता, तो वाढवायचा की नाही हे मारानेलोत, म्हणजे फेरारीच्या मुख्यालयात, ठरत होतं, आणि हॅमिल्टनच्या घोषणेच्या आठवडाभर आधीच फेरारीच्या दुसऱ्या ड्रायव्हरचा, लेक्लर्कचा करार वाढवल्याचं जाहीर झालेलं. म्हणजे कोणाला काढायचं ते फेरारीने ठरवलं. ज्याला काढलं त्याने काय केलं, जेद्दाला अपेंडिक्सचं ऑपरेशन, दोन आठवड्यांनी मेलबर्नला रेस जिंकला, कारमधून उतरताना चेहरा पाहण्यासारखा होता! तरी निदान त्याला वर्षभर आधी कळलं. पेरेझ या ड्रायव्हरला रेडबुल टीमने जून 2024 ला 2026 पर्यंतची सही दिली आणि डिसेंबरात घरी पाठवलं, त्याच्या जागी आणलेल्या लॉसनला दोन रेसमध्ये उचलला. करार मोडायचे हिशेब काढायचे तर तिथे काढा.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, की 2025 मध्ये फेरारीत एकाही ग्रांप्रीला पोडियम (पहिल्या तिघांत नंबर) मिळालं नाही ते कर्माचं फळ. पोडियम मिळालं नाही हे खरं, चीनची स्प्रिंट (छोटी रेस) सोडली तर सांगण्यासारखं काहीच नाही. निर्णय फसला म्हणा, मी वाद घालणार नाही. पण 2012 ला मॅक्लारेन सोडली तेव्हाही लोक त्याला वेड्यात काढत होते, मग मर्सिडीजमध्ये सहा टायटल आली आणि मॅक्लारेनला पुढचा विजय थेट 2021 ला. तेव्हा त्याला पुण्यवान कोणी म्हटलं नव्हतं, मग आता पापी का म्हणायचं ते सांगा.