गर्भपाताला नवऱ्याची सही लागत नाही

‘प्रत्येक लेकीने आणि सुनेने वाचावे’ असा मथळा असलेला एक मेसेज महिनाभर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, तेव्हा सोडून दिला. आता तो भाचीच्या हॉस्टेलवर पोचलाय आणि ‘मावशी, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली हे खरं धरून चालल्यात’ असं ती सांगते. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजात म्हटलंय ते असं. नवऱ्याच्या लेखी संमतीशिवाय गर्भपात केला तर बाईला आणि डॉक्टरला सात वर्षं कैद. लग्न न झालेल्या मुलीला कायद्यात जागाच नाही, दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. गर्भपात म्हणजे भ्रूणहत्या. एकदा ‘खाली केलं’ की पुढे मूल राहत नाही, वर स्तनाचा कॅन्सर होतो. आणि एवढी भीती घालून झाल्यावर शेवटी उपाय दिलाय: कच्ची पपई, अननस, गाजराच्या बियांचा काढा, ‘तरीही पाळी आली नाही तर मेडिकलमधून गोळ्या आणा’.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या मुद्द्याने होतं, म्हणून आधी सही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, १ एप्रिल १९७२ पासून लागू. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्या कायद्याचं कलम ३, पोटकलम ४ काढून वाचा. मुलगी अठरा वर्षांखालची असेल किंवा स्त्री मनोरुग्ण असेल तर पालकाची लेखी संमती हवी. बाकी सगळ्यांच्या बाबतीत गर्भवती स्त्रीची स्वतःची संमती हवी. संपलं. नवरा, सासू, बाप, भाऊ यांपैकी कोणीही त्या पोटकलमात नाही, आणि आधी होतं नि मग काढलं असंही नाही. पन्नास वर्षांहून जास्त काळ ते तसंच आहे.

मग गैरसमज येतो कुठून? बराचसा त्या कागदातूनच येतो. संमतीचा जो नमुना आहे त्याला फॉर्म ‘सी’ म्हणतात. त्यात बाईचं नाव, पुढे ‘अमुक यांची मुलगी किंवा पत्नी’ अशी रिकामी जागा, वय, कायमचा पत्ता, सध्याचा पत्ता, कोणत्या ठिकाणी गर्भपात करून घ्यायचा ते, आणि खाली तारीख, ठिकाण, सही. सहीची जागा एकच. ती तिची. त्याखालचा दुसरा भाग पालकाने भरायचा, पण फक्त अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तेव्हा. ‘पत्नी’च्या पुढे नवऱ्याचं नाव लिहायचं ते ओळख म्हणून. पुष्कळ ठिकाणी त्या नावाचीच सही मागतात. अविवाहित मुलगी तिथे वडिलांचं नाव लिहिते. म्हणजे तिने बापाची परवानगी आणायची असं होत नाही.

नवऱ्याची सही दवाखाने मागतात हे खरं आहे, आणि ते मला मान्य करावंच लागेल. डॉक्टरला उद्या दारात भांडण नको असतं. भूल द्यायची असेल तेव्हा भुलेच्या संमतीपत्रावर नातेवाईकाची सही घेण्याची सवय असते, त्यात हीही खपून जाते. भूल उतरल्यावर घरी न्यायला सोबत कोणीतरी हवं, हे बरोबर आहे. ती मैत्रीण चालते, बहीण चालते, कोणीही मोठं माणूस चालतं. सोबत आलेलं माणूस म्हणजे परवानगी देणारं माणूस नव्हे. सही मागितली तर शांतपणे विचारा, ‘फॉर्म सीमध्ये ही जागा कुठे आहे?’ तरीही अडवलं तर तिथे वाद घालत आठवडा घालवू नका. सरकारी रुग्णालयात जा, तिथे ही सेवा मोफत असते. खासगी ठिकाणी जायचं असेल तर भिंतीवर मान्यतेचं प्रमाणपत्र, फॉर्म ‘बी’, लावलेलं आहे का ते आधी पाहा. ते दिसेल असं लावणं नियमाने बंधनकारक आहे.

हा प्रश्न कोर्टातही जाऊन आलाय. आपल्याला न विचारता बायकोने गर्भपात केला म्हणून एका नवऱ्याने बायको, तिचे आई-वडील, भाऊ आणि डॉक्टर यांच्यावर तीस लाखांच्या भरपाईचा दावा लावला होता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं की नवऱ्याच्या संमतीची गरज नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथेही २०१७ मध्ये त्याचं अपील फेटाळलं गेलं.

आता ‘सात वर्षं’. हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याबाहेर जाऊन केलेला गर्भपात आजही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ८८: तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गर्भाची हालचाल जाणवू लागल्यानंतर केला तर सात वर्षांपर्यंत. त्यात नवऱ्याच्या संमतीचा शब्दही नाही. उलट पुढचं कलम ८९ वाचा: स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवून आणला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. तिसरी मुलगी नको म्हणून सुनेला जबरदस्तीने दवाखान्यात नेणाऱ्या घरांना हे कलम लागतं. मेसेजात नेमकं तेच नाही.

अर्धं खरं म्हणायचं तर एवढंच की आपल्याकडे गर्भपात नुसत्या इच्छेवर मिळत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं, आणि तेही नियमात दिलेल्या गटांसाठी: बलात्कार किंवा घरातल्याच माणसाकडून अत्याचार झालेली, अल्पवयीन, गर्भारपणातच वैधव्य किंवा घटस्फोट आलेली, अपंग, मनोरुग्ण, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करायचा असेल तर ही मर्यादा आड येत नाही. पण कारणांत ‘गर्भनिरोधक फसलं’ हे कारण वीस आठवड्यांपर्यंत स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत तिथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते. आता ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आहेत.

यातच दुसऱ्या मुद्द्याचं, लग्न न झालेल्या मुलीचं, उत्तर आहे. आणि त्यावर २९ सप्टेंबर २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, न्या. चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांचा. पंचवीस वर्षांच्या एका अविवाहित तरुणीला दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळणं घटनेला धरून नाही. डॉक्टरांनी कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती वगैरे, लादू नयेत हेही त्यात आहे. नवऱ्याने केलेली जबरदस्ती या कायद्यापुरती बलात्कारात धरली जाईल हेही त्यातच आहे. हा एक निकाल नीट वाचला असता तर हा मेसेज लिहिलाच गेला नसता.

पोलिसांचं म्हणाल तर अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीने स्वतःच्या संमतीने केलेला गर्भपात पोलिसांना कळवायचा नसतो. उलट तिचं नाव फोडलं तर गर्भपाताच्याच कायद्याच्या कलम ५अ खाली फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. दवाखान्याची नोंदवही गोपनीय असते, इतर कागदांवर नावाऐवजी अनुक्रमांक टाकायचा असतो. अठराखालच्या मुलीची गोष्ट वेगळी. तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, डॉक्टरने पोलिसांना कळवणं भाग आहे. पण त्याच निकालाने वाट काढून दिली आहे: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. आणि ‘पालक’ म्हणजे आई-वडीलच असं नाही, तिचा सांभाळ करणारी व्यक्ती. हे माहीत नसल्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या पोरी पाचव्या महिन्यापर्यंत सैल कुडते घालून दिवस काढतात.

भ्रूणहत्या या शब्दाने महाराष्ट्रात फार गोंधळ करून ठेवलाय. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपण १९८८ साली केला, त्याचा अभिमान वाटावा असंच आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, तेव्हा लढाई खरीच होती आणि आहे. पण तो गुन्हा लिंग तपासून मुलगी पाडण्याचा. एस.टी. स्टँडवरच्या पोस्टरांतून ‘स्त्री’ हा शब्द गळत गळत नुसतं ‘भ्रूणहत्या पाप आहे’ उरलं आणि प्रत्येक गर्भपात गुन्हा वाटू लागला. २०१२ च्या परळीच्या बेकायदा गर्भपातांच्या प्रकरणानंतर छापे पडले, आणि केमिस्टांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भासाठी. नवव्या आठवड्यात मुलाचे आणि मुलीचे बाह्य अवयव सारखेच दिसतात, सोनोग्राफीवर लिंग कळत नाही. म्हणजे जिथे लिंगनिवड होतच नाही त्या टप्प्यावरचं औषध बंद पाडलं, आणि बायका उशिराच्या, जास्त धोक्याच्या गर्भपाताकडे ढकलल्या गेल्या.

वांझपण आणि कॅन्सर यांवर फार वेळ घालवत नाही. ५३ अभ्यासांची एकत्र तपासणी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, गर्भपातामुळे स्तनाचा कर्करोग वाढत नाही असा निष्कर्ष निघाला. सुरक्षित गर्भपाताने मूल राहण्याची क्षमता जात नाही. आठ-दहा दिवसांत पुन्हा बीज सुटू शकतं, म्हणून गर्भनिरोधक त्याच वेळी ठरवायचं. धोका असतो तो जंतुसंसर्गाने गर्भनलिका बंद होण्याचा आणि पिशवी जोरात खरवडली गेल्याने आतून चिकटण्याचा. त्यासाठीच जागतिक आरोग्य संघटना धारदार क्युरेटिंगऐवजी, म्हणजे खरवडण्याऐवजी, व्हॅक्युम, म्हणजे नळीने शोषून काढण्याची पद्धत, वापरा म्हणते. ‘क्युरेटिंग करणार की व्हॅक्युम?’ हे डॉक्टरला विचारायला लाजू नका.

राहिली पपई. तिने गर्भ पडत नाही, आठवडे जातात. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. पाळी चुकून आठ दिवस झाले आणि घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हाच पाच आठवडे झालेले असतात. गोळ्यांसाठी हातात उरतात चार, म्हणजे ६३ दिवसांपर्यंतचे. त्यातले तीन काढा पिण्यात घालवले की गोळ्यांची मुदत संपत येते आणि मग व्हॅक्युम. (आणि ७२ तासांत घ्यायची इमर्जन्सी गोळी ही गर्भपाताची गोळी नव्हे. ती बीज सुटणं लांबवते, राहिलेल्या गर्भावर तिचा उपयोग नाही.)

गोळ्या स्वतः वाईट नाहीत. डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात ती पद्धत अशी: मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी गिळायची, २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या चार, जिभेखाली, गालात किंवा योनीत. शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त जणींचं काम त्यातच होतं. बिघडतं ते गुपचूप आणलेल्या पाकिटाने. दुकानदार कधी नुसतं मिसोप्रोस्टॉल देतो. दिवस चुकीचे मोजलेले असतात. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते, ते कोणी सांगत नाही. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर रक्तस्राव झेपत नाही. आणि गर्भ नलिकेत असेल तर या गोळ्या त्याला काहीच करत नाहीत, नळी फुटते आणि पोटात रक्त साठतं.

पहिल्या दिवशी पाळीपेक्षा जास्त रक्त, गाठी, कळा हे अपेक्षित आहे. नंतर थोडं थोडं आठ ते तेरा दिवस जाऊ शकतं. पंधराव्या दिवशी तपासणी चुकवायची नाही. लघवीची पट्टी महिनाभर खोटी ‘हो’ दाखवू शकते, तिच्यावर विसंबू नका. मात्र तासाला दोन पॅड भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं, दिवसभर ताप १००.४च्या वर राहिला, घाण वासाचा स्राव आला, पोटात एकाच बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर १०८ला फोन करा. गोळ्या कोणत्या, किती, कधी घेतल्या ते तिथल्या डॉक्टरला खरं सांगा, रिकामं पाकीट सोबत न्या. अर्धवट राहिलेल्या गर्भपातावरचे उपचार आपोआप झालेल्या गर्भपातासारखेच असतात, आणि तिथेही संमतीची सही तुमचीच.