किर्लोस्करवाडी एकट्या किर्लोस्करांनी नाही उभारली

‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हा वाद निघाला की कुणीतरी किर्लोस्करांचं नाव घेतंच. लक्ष्मणराव, जिद्द, माळरान, कारखाना. खल्लास, टाळ्या! मला या गोष्टीचा नाही, ती सांगायच्या या पद्धतीचा राग येतो.

मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, लक्ष्मणराव शिकवत होते. बढती हुकली तशी नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे भाऊ रामुअण्णांच्या जोडीने सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत, आणि आपण आज त्यावर हसतो. मी नाही हसत. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. या नव्या नांगराला रोख पैसे मोजायचे आणि फाळ झिजला की कुणाच्या दारात जायचं? हातात पैसा नसलेला माणूस वाट बघणारच.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. मार्च १९१० मध्ये निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर वसाहत सुरू झाली, तीच किर्लोस्करवाडी. औंध संस्थान केवढंसं! पण उद्योगाला जागा द्यावी हे त्या राजाला कळलं. ‘स्वतःच्या बळावर’ म्हणणाऱ्यांच्या पोस्टमध्ये ही जमीन आणि हे कर्ज कधी दिसत नाही.

आणि माणसं? शाळेत नापास झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. शाळा अर्धवट सोडलेल्या अनंतराव फळणीकरांमधून कल्पक इंजिनिअर निघाला. हिशेब मंगेशराव रेगे बघत. शंभोराव जांभेकर आगीपासून आरोग्यापर्यंत पडेल ते काम अंगावर घेत. राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेले. यातलं कुणी किर्लोस्कर नव्हतं. घरचा धंदा म्हटलं की आपल्याकडे गल्ल्याची किल्ली मेहुण्याकडे जाते, मग तो कामाचा असो वा नसो. इथे चाव्या बाहेरच्यांच्या हाती होत्या, आणि माझ्या मते धंदा वाढला तो यामुळे.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले, मागणी वाढली. पण कच्चं लोखंडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! पुन्हा संस्थानाचाच हात. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केलं, म्हणजे माल आणि विचार एकाच वाडीतून बाहेर पडू लागले. लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून परतला, आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनची कंपनी उभी राहिली.

मुलाला परदेशी शिकवायची हौस आज पुष्कळांना आहे. दहावी नापास पोराच्या हाती कारखाना द्यायची तयारी असलेले किती जण तुमच्या ओळखीचे आहेत, तेवढं कमेंटमध्ये सांगा. मेहुणे सोडून.