‘घरी नेतो’ म्हणून केलेल्या सहीचं काय करायचं?

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनपासून सव्वाशे किलोमीटरवर टूवुम्बा नावाचं शहर आहे. सरकारी रुग्णालय, रुग्णवाहिका, औषधांची दुकानं, सगळं हाताशी. तिथल्या एका घरात जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात आठ वर्षांच्या मुलीचं इन्सुलिन बंद केलं गेलं. तिला टाइप १ मधुमेह होता, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही आणि ते रोज टोचून घ्यावं लागतं. निदान २०१९ मध्येच झालेलं होतं, औषध घरात होतं, ते कसं द्यायचं हे घरच्यांना पक्कं ठाऊक होतं. आईवडील ‘द सेंट्स’ नावाच्या लहानशा धार्मिक गटात होते, आणि त्या गटाचा ठाम समज होता की बरं करणारा फक्त देव, आणि औषध घेणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. सगळे तिच्या गादीभोवती बसून प्रार्थना करत राहिले. ७ जानेवारीला ती गेली. ती पुन्हा जिवंत होऊन उठून बसेल या खात्रीनं लगेच कुणालाच कळवलं नाही, रुग्णवाहिका बोलावली गेली ती दुसऱ्या दिवशी. जानेवारी २०२५ मध्ये आई, वडील आणि गटाच्या प्रमुखासह १४ जण सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले.

महाराष्ट्रात अशी बातमी आली की दोन बाजू लगेच तयार होतात. एक म्हणते, आईबापाला आत टाका. दुसरी म्हणते, गरीब माणसं आहेत, दवाखाना लांब, त्यांना काय कळतं. आणि परदेशात राहणारे आपण तिसरा सूर लावतो: आमच्याकडे असलं चालत नाही. टूवुम्बाच्या या एका प्रकरणापुढे तिन्ही सूर अपुरे पडतात. तिथे गरिबी नव्हती, अंतर नव्हतं, अज्ञानही नव्हतं. आणि शिक्षा म्हणाल, तर तीही आधीच झालेली होती. २०१९ मध्ये हीच मुलगी निदान न झालेल्या मधुमेहानं मरणाच्या दारात पोचली होती. आईचा विरोध मोडून वडिलांनी तिला रुग्णालयात नेलं. उपचार नाकारल्याबद्दल आई तुरुंगात गेली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सुटून घरी आली. दरम्यान ज्या वडिलांनी मुलीला वाचवलं होतं, तेच त्या गटात सामील झाले होते. पुढे महिनाभरही मुलगी जगली नाही. कडक शिक्षा मागणाऱ्यांनी हा क्रम एकदा नीट वाचावा. खटला मेलेल्या मुलाला न्याय देतो, जिवंत मुलाच्या खाटेजवळ त्याचा काही उपयोग नसतो.

इन्सुलिन थांबवल्यावर काय होतं ते सांगायला हवं, कारण ‘देवाच्या हवाली केलं’ या शब्दांत ते झाकलं जातं. इन्सुलिन नसलं की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही. शरीर उपाशी समजून चरबी जाळायला लागतं, त्यातून किटोन तयार होतात आणि रक्तातलं आम्ल वाढत जातं. साखर लघवीवाटे जाताना पाणी आणि पोटॅशियम ओढून नेते. मूल सारखं पाणी मागतं, सारखं लघवीला जातं, मग पोट दुखतं, उलट्या सुरू होतात. श्वास खोल आणि जलद होतो, जणू धावून आलंय. तोंडाला पिकून चाललेल्या फळासारखा वास येतो. मग गुंगी, मग बेशुद्धी. हे सगळं थोड्या दिवसांत होतं आणि बहुतेक वेळा अगदी उशिरापर्यंत ते फिरवता येतं. सलाइनचा पहिला डोस वजनाच्या दर किलोला १० मिली, मग तास-दोन तासांनी शिरेतून इन्सुलिन, दर किलोला तासाला ०.०५ ते ०.१ युनिट. म्हणजे २५ किलोच्या मुलाला तासाला फार तर अडीच युनिट. सोबत पोटॅशियम आणि दर तासाला साखरेची तपासणी. पाणी भरून काढण्याची घाई करायची नाही, एक-दोन दिवसांत सावकाश, कारण मेंदूला सूज येण्याची भीती असते. चांगल्या सोयी असलेल्या रुग्णालयात पोचलेल्या मुलांपैकी दगावणारी शंभरात एकाहूनही कमी. इतक्या स्वस्त आणि जुन्या औषधाच्या आणि मुलाच्या मध्ये एखादा माणूस उभा राहत असेल, तर त्याला बाजूला सारायची रीत समाजाकडे हवी.

टूवुम्बा ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमध्ये ती रीत कागदावर स्पष्ट आहे. १९७९ च्या प्रत्यारोपण आणि शरीररचना कायद्याचं २० वं कलम फक्त मुलांना पालकांच्या संमतीविना रक्त देण्याबद्दल आहे. जीव वाचवायला रक्त लागणारच असं एका डॉक्टरचं मत हवं, आणि दुसऱ्या डॉक्टरनं मुलाला प्रत्यक्ष तपासून त्याला दुजोरा द्यायला हवा. मग आईवडील रक्त घेणं धर्माविरुद्ध मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे असोत की आणखी कुणी, रक्त देणाऱ्यावर गुन्हा होत नाही. न्यायालयात जायची गरज नाही, कारण रक्तस्राव सुनावणीची तारीख बघत नाही. दुसरी तरतूद २००५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातली: मुलाला इजा होण्याचा धोका दिसला तर नेमलेला वैद्यकीय अधिकारी लेखी आदेश काढून त्याला ४८ तास रुग्णालयात ठेवून घेऊ शकतो. मुदत वाढवता येते, पण एकूण ९६ तासांच्या पुढे नाही. तेवढ्या वेळात बालसंरक्षण खात्यानं काय ते ठरवायचं.

टूवुम्बाची मुलगी या दोन्ही तरतुदींच्या आवाक्याबाहेर राहिली, कारण त्या वेळी ती रुग्णालयात आलीच नाही. कायदा दारावर पहारा देतो, दार ओलांडून न आलेल्या मुलापर्यंत पोचत नाही. रोजचं इन्सुलिन लागणाऱ्या मुलाची आई त्याच गुन्ह्याची शिक्षा भोगून घरी परतते तेव्हा कुणीतरी दर आठवड्याला जाऊन मूल बघायला हवं, साखर मोजायच्या मीटरमधले आकडे तपासायला हवेत, औषधाच्या दुकानातून इन्सुलिन उचललं जातंय का ते पाहायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या व्यवस्थेचं भोक नेमकं इथे आहे, आणि ते इथल्या मराठी मंडळींनी फुशारकी मारण्याआधी ध्यानात घ्यावं.

आता महाराष्ट्र. तिथे मूल दवाखान्यात येतं, आणि परत जातं. कुठल्याही बालरोग विभागात काम केलेल्याला ‘डामा’ (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस) हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, बरंवाईट झाल्यास जबाबदारी आमची. खाली बापाची सही किंवा अंगठा, कधी मामाची साक्ष. फाइल बंद. मोठ्या माणसानं स्वतःपुरती ही सही केली तर तो त्याचा हक्क. पण श्वास लागलेल्या दीड महिन्याच्या बाळाच्या वतीनं ही सही कशी चालते? ती डॉक्टरला वाचवते, बाळाला नाही. कारणं अनेक असतात: पैसे संपले, शेतात माणूस नाही, घरी दुसरी मुलं. त्यात एक कारण ‘बाहेरचं आहे, आधी देवाचं बघून येतो’ हेही असतं, आणि फॉर्मवर सगळ्यांचा रकाना एकच.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यात किती मदत करतो? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, त्यानंतर अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण अनुसूची वाचा. उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करण्याबद्दलचं कलम कुत्रा, साप आणि विंचू यांच्या दंशापुरतं आहे. न्यूमोनिया त्यात नाही, टाइप १ मधुमेह नाही, कावीळ नाही. तापलेल्या वस्तूचे चटके देणं आहे, पण ते भूत उतरवण्याच्या बहाण्यानं. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्यानं डागतात, त्याला डंबा म्हणतात. तिथे भूत नसतंच, तिथे लोकांच्या लेखी तो उपचार असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याची बातमी आली होती. तान्ह्याचं पोट फुगतं ते जंतुसंसर्गानं, आतड्याच्या अडथळ्यानं, कधी हृदयाच्या दोषानं. चटका त्यातलं काहीच थांबवत नाही, वर जखमेतून नवा संसर्ग देतो.

आणि भारतीय न्याय संहितेचं ३० वं कलम, पूर्वीच्या दंडविधानातलं ९२ वं. त्यात उदाहरण दिलंय: मुलाला अपघात झाला, पालकांना विचारायला वेळ नाही, शल्यविशारद मुलाच्या विनवण्या न जुमानता शस्त्रक्रिया करतो, तो गुन्हा नाही. १८६० पासूनचं हे उदाहरण. पण पालक समोर उभा आहे आणि ‘नको’ म्हणतोय, तेव्हा काय? कलम गप्प आहे. त्या गप्प जागेत रात्री अडीचला एक निवासी डॉक्टर एकटा उभा असतो. बाहेर पंधरा-वीस नातेवाईक असतात. तो डामाचा कागद पुढे करतो, आणि त्याला दोष देणं मला जमत नाही.

नवा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानं प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती दिली आहे, अध्यक्ष आणि चार सदस्य, दंडाधिकाऱ्याच्या अधिकारांसह. कलम ३१ मध्ये मुलाला समितीपुढे आणू शकणाऱ्यांच्या यादीत डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयाचं व्यवस्थापन स्पष्ट लिहिलेलं आहे, मुदत २४ तास. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही चालतं. अडचण इतकीच की व्हेंटिलेटरवरचं मूल उचलून समितीच्या कार्यालयात नेता येत नाही. सदस्यानं वॉर्डात यायला हवं किंवा व्हिडिओवर. म्हणून प्रत्येक बालरोग विभागाच्या भिंतीवर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या जोडीला रात्रपाळीच्या सदस्याचा नंबर हवा. दोन डॉक्टरांनी मुलाला तपासून चार ओळी लिहायच्या: काय आजार, उपचार नाही दिला तर किती तासांत काय होईल, दिला तर काय, आणि पालकांनी नेमक्या कुठल्या शब्दांत नकार दिला. ‘पालक तयार नाहीत’ एवढंच लिहिलेली नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही.

या अधिकाराची भीतीही खरी आहे. नॉर्वे आणि जर्मनीत सरकारनं मुलं काढून घेतलेल्या भारतीय कुटुंबांच्या बातम्या वाचून इथल्या कितीतरी आया मुलाला पडल्याचं खरचटणं दाखवायलाही बिचकतात. ऑस्ट्रेलियानं तर मूळ रहिवाशांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या हिसकावून नेली, त्याबद्दल पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत माफी मागितली. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी आईला पोलिसांची गाडी दिसली तर पुढच्या वेळी ती बाळ जंगलात लपवेल, दवाखान्यात आणणार नाही. म्हणून तासांची मर्यादा हवी, दुसरा डॉक्टर हवा, आईला मुलाजवळून हलवायचं नाही हे आदेशातच लिहिलेलं हवं, आणि कोरकू बोलणारं माणूस आधी हवं. भुमकाला, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूला, शत्रू केलं तर गाव त्याच्या बाजूनं जाईल. ‘पोट फुगलं की आधी दवाखान्यात पाठव, मग तुझी पूजा’ हे त्याच्याच तोंडून आलं तर ऐकलं जातं.

श्रद्धेला वॉर्डात जागा करून देता येते. अंगारा कपाळाला लावा, जिभेवर नको, कारण धाप लागलेल्या मुलाच्या श्वासनलिकेत तो जातो. ताईत राहू द्या, फक्त सुई लावलेल्या हाताला नको. जप खुशाल करा. २०१३ चा कायदा पूजा, वारी, कीर्तन यांना हात लावत नाही, हे तर त्यातच लिहिलं आहे.

खरा नकार बहुतेकदा नकारासारखा दिसतच नाही. तो ‘नवरात्राचे नऊ दिवस तेवढं बघू’ असा येतो, किंवा ‘महाराजांनी सुई बंद करायला सांगितलंय, काढा सुरू केलाय’ असा. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं गुन्हा आहे, तरी ती भिंतीवर असते. टाइप १ असलेलं मूल जेवलं नाही तरी बेसल (दिवसभर पुरणारं, जेवणाशी न जोडलेलं) इन्सुलिन थांबवायचं नाही, डोस किती कमी करायचा ते डॉक्टरला विचारायचं. उपवासाच्या दिवशी, तापात, उलट्यांत दर दोन ते चार तासांनी साखर आणि किटोन बघायचे. उलटी थांबत नसेल तर रात्र काढायची नाही. आजीला हे सांगताना तिच्या देवाबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. तिच्या हातात किटोनची पट्टी द्यायची, कुठला रंग आला की निघायचं ते दाखवायचं, आणि गाडीवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवायचा.