उशिराचा भुर्दंड बिल्डरला बसू द्या

आई-बाबांच्या इमारतीचा पुनर्विकास करणाऱ्या विकासकाचे पत्र आज आले. मजूर मिळत नसल्याने ताबा आणखी एक वर्ष लांबेल, एवढेच त्यात आहे. लिफ्ट नसलेल्या भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या बाबांना हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मजुरांची टंचाई खरी आहे, हे मान्य. मग भिंती, स्लॅब, जिने कारखान्यात ओतून जागेवर क्रेनने जोडण्याची पद्धत का स्वीकारली जात नाही? 2022 साली सिडकोच्या बामणडोंगरी प्रकल्पात एल अँड टीने याच प्रीकास्ट तंत्राने 96 घरांची बारा मजली इमारत 96 दिवसांत उभी केली. तंत्र आहे, ते जाणणारी माणसे आहेत. नाही ती गरज, कारण उशिराची किंमत बिल्डर नव्हे, बाबांचे गुडघे मोजतात.

सिंगापूरचे बिल्डरही आपणहून बदलले नाहीत. तिथल्या सरकारने 2014 पासून काही सरकारी भूखंड विकतानाच कारखान्यात तयार झालेल्या खोल्या वापरण्याची अट घातली, शिवाय परदेशी मजुरांमागे दरमहा आकार लावलेला होताच. म्हणूनच 1,899 खोल्या एकमेकींवर रचून क्लेमेंट कॅनोपी या तिथल्या गृहसंकुलाचे चाळीस मजली दोन मनोरे 2019 मध्ये पूर्ण झाले.

आपल्याकडे सगळेच उलटे चालते. ग्राहकाचे हप्ते आणि बँकेचे कर्ज जागेवर पडलेल्या स्लॅबच्या हिशेबाने सुटते, त्यामुळे कारखान्यात तयार होऊन पडलेल्या भिंतीवर कोणी पैसा देत नाही. 2019 पासून घरांवरील जीएसटी कमी झाला, पण मालावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली, त्यामुळे कारखान्यातून आणलेल्या भागावरचा कर, त्यातल्या मजुरीवरच्या करासकट, थेट खर्चात जातो, आणि जागेवर रोजंदारीने केलेल्या कामाच्या मजुरीवर मात्र तो लागत नाही. असा हिशेब समोर असताना कोण कशाला कारखाना उभारील?

सांधे नीट भरले नाहीत तर घर गळते, आणि बाबांच्या गल्लीत मोठा ट्रेलर वळणार नाही, हेही खरे. एकट्या सोसायटीच्या कामावर साच्यांचा खर्च निघत नाही, हेसुद्धा नाइलाजाने मान्य करते. म्हणूनच सुरुवात म्हाडा आणि सिडकोने करायला हवी: खोल्यांची मापे ठरावीक ठेवावीत, काही वर्षांच्या कामाची हमी द्यावी, कारखान्यात तयार झालेल्या भागांची तपासणी करून तिथेच हप्ता सोडावा. आणि पुनर्विकासाच्या करारात ताबा लांबल्यास वाढत जाणारा दंड लिहून घेतल्याशिवाय कोणत्याही सोसायटीने सही करू नये. आमच्या करारात तो नव्हता.