पहिले यंत्र उभारण्याआधी

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणकीय खेळात तंत्रज्ञानाचे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेल्या पुरवण्या, घालून खेळणाऱ्या माणसाकडे पहिल्या संध्याकाळी साधारणतः मातीची एक झोपडी, एक भट्टी, एक पेटी आणि त्या पेटीत लोखंडाचे ११ इनगॉट, म्हणजे वितळवून काढलेल्या लगडी, असतात. यांचे पुढे काय करावे, हा प्रश्न अडाणी खेळाडूला पडतच नाही. तो ३ इनगॉटांची पिकॅक्स, म्हणजे खणायची कुदळ, करतो, ३ इनगॉटांची बादली करतो, उरलेल्या ५ इनगॉटांचा हॉपर, म्हणजे वस्तू आपोआप पेटीत सोडणारे नरसाळे, करतो आणि मोकळा होतो. आपण मात्र सुजाण आहात. लोखंडाला हात लावण्याआधी पुढच्या दोनशे तासांचा आराखडा तयार असावा, एवढी जबाबदारीची जाणीव आपल्यापाशी असणार असे गृहीत धरून हे चार शब्द लिहीत आहे. अधिकाराचे म्हणाल तर माझ्या नावावर आजवर सात जगे आहेत आणि त्यांतील पाचांमध्ये एकही यंत्र उभे राहिलेले नाही. माझे नियोजन किती पक्के असते, हे यावरूनच ध्यानात यावे.

मॉडपॅक, म्हणजे मॉडांचा तयार गठ्ठा, निवडताना दोन-अडीचशे मॉड असलेलाच निवडावा. तो सुरू होईपर्यंत चहा होतो, पिऊन होतो, कप धुऊनही होतो, आणि हा सारा वेळ चिंतनाला मिळतो. शिवाय अशा पॅकमध्ये दळण्याचे यंत्र किमान चार मॉडांनी चार प्रकारे दिलेले असते, त्यामुळे कोणते करावे हे ठरवण्यात एक शनिवार सहज निघतो. थर्मल एक्स्पान्शनचा पल्व्हरायझरही एका खनिजाची दोन माप भुकटी करतो आणि इंडस्ट्रियलक्राफ्टचा मॅसरेटरही तेच करतो, हे खरे. परंतु दोन्हींचा निकाल सारखाच असेल तर निवड अधिक कठीण होते, हे लग्नाच्या खरेदीला साड्यांच्या दुकानात बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

त्यानंतर ‘जस्ट इनफ आयटम्स’ हा वस्तूंच्या कृती दाखवणारा मॉड उघडावा. एखाद्या वस्तूवर माउस नेऊन ‘आर’ दाबले की ती कशी करायची हे दिसते आणि ‘यू’ दाबले की ती कशाकशासाठी लागते हे दिसते. नवशिके ‘आर’ दाबून पाहतात ते हातातल्या वस्तूवर. आपण शेवटच्या वस्तूपासून सुरुवात करावी. समजा, अप्लाइड एनर्जिस्टिक्स या साठवणीचे जाळे विणणाऱ्या मॉडचा कंट्रोलर, म्हणजे त्या जाळ्याचा मेंदू, हवा आहे. त्यावर ‘आर’ दाबले की इंजिनीअरिंग प्रोसेसर निघतो, त्यावर दाबले की छापलेले सर्किट निघते, ते छापायला ठसा लागतो, आणि ठसा जमिनीत रुतलेल्या उल्केच्या पोटात असतो. उल्का कुठे पडली आहे हे आपणास ठाऊक नसते. आपण तर झोपडीबाहेर पडलेलो नसतो. तरीही एका साध्या तारेतून ८ चॅनेल, म्हणजे आठ यंत्रांच्या जोडण्या, जातात, जाड तारेतून ३२ जातात आणि साठवणीच्या एका सेलमध्ये फार तर ६३ प्रकारच्या वस्तू मावतात, हे सारे आताच टिपून ठेवावे. आज आपल्यापाशी माती, दगड, लाकूड, कोळसा, ११ इनगॉट आणि एका मेंढीचे मांस एवढे सहाच प्रकार असले, तरी ६४ वा प्रकार आला म्हणजे तारांबळ उडायला नको.

आता मुख्य विषयाकडे येऊ, तो म्हणजे खनिज वाया न घालवणे. मेकॅनिझम या मॉडमध्ये खनिजाच्या एका ठोकळ्यापासून दोन, तीन, चार किंवा पाच इनगॉट मिळवण्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. दुपटीसाठी एक एन्रिचमेंट चेंबर, थोडी वीज आणि एक भट्टी पुरते, आणि नेमके येथेच बहुतेक लोक मोहाला बळी पडून तो चेंबर करून टाकतात. आपण तसे करू नये. जो ठोकळा आज दोन इनगॉट देतो, तो पुढे-मागे पाच देणार असेल, तर आज भट्टीत घातलेल्या प्रत्येक ठोकळ्यामागे आपण तीन इनगॉटांचे नुकसान सोसतो. हा हिशेब कोणत्याही वाण्याला पटेल. म्हणून पाचपटीची साखळी पुरी होईपर्यंत एकही ठोकळा भट्टीत जाता कामा नये. साखळी तशी सरळ आहे. ठोकळा सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचा, त्याचा गढूळ चिखल पाण्याने धुवायचा, धुतलेल्याचे स्फटिक करायचे, स्फटिकांवर हायड्रोजन क्लोराइड सोडायचा, त्यांच्या कपच्या झाल्या की त्यांवर ऑक्सिजन सोडायचा, त्यातून निघालेली ढेकळे कुटायची, कुटून झालेली मळकी भुकटी साफ करायची आणि सरतेशेवटी ती वितळवायची. ही झाली आठ यंत्रे. आम्लासाठी गंधकाचा सल्फर डायऑक्साइड करावा लागतो, त्यात ऑक्सिजन मिसळून ट्रायऑक्साइड करावा लागतो आणि त्याला पाण्याची वाफ द्यावी लागते. ऑक्सिजनसाठी पाण्याचे विघटन करावे लागते. हायड्रोजन क्लोराइडसाठी क्लोरीन लागतो, क्लोरीनसाठी मिठाचे दाट पाणी लागते आणि त्या पाण्यासाठी बाष्पीभवनाचा मनोरा बांधावा लागतो. बारावीला रसायनशास्त्रात काठावर पास झालेल्या माणसांना हा परिच्छेद वाचताना जो घाम फुटतो, तो शुभशकुन समजावा.

ही सारी यंत्रे लोखंडाची होतात आणि लोखंड तर वितळवायचे नाही असे आपण नुकतेच ठरवले आहे, ही अडचण काही उतावळे लोक मध्येच काढतात. ती तात्त्विक स्वरूपाची असल्याने तिच्यासाठी आराखड्यात शेवटी एक कोरे पान सोडावे. झोपडीखालच्या गुहेत भिंतभर लोखंड दिसते आहे, असेही कोणी म्हणेल. असू द्यावे. मुबलक आहे म्हणून उधळायचे, हे आपले संस्कार नव्हेत.

विजेच्या बाबतीत एककांपासून आरंभ करावा. एका मॉडचे एकक दुसऱ्याला कळत नाही, मेकॅनिझमचे अडीच जूल म्हणजे फोर्ज या मॉड चालवणाऱ्या प्रणालीचे एक एकक, अशा पाढ्यांचा एक तक्ता करून भिंतीवर लावला की खोली अभ्यासिकेसारखी दिसू लागते आणि घरच्यांचाही गैरसमज होतो, तो होऊ द्यावा. मी स्वतः हे काम फार बारकाईने करत असे. इंडस्ट्रियलक्राफ्टच्या जुन्या आवृत्तीत साधी यंत्रे ३२ एककांपर्यंतचाच दाब सोसतात आणि त्याहून जास्त आला की त्यांचा स्फोट होतो, हे माझ्या स्प्रेडशीटमध्ये लाल अक्षरांत लिहिलेले होते. मोठ्या दाबाची बॅटरी आणि मॅसरेटर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर बसवायचा, ही ओळही होती. फक्त ‘पूर्ण झालेली कामे’ झाकण्यासाठी मी जी गाळणी लावली होती, तिच्यात ती ओळ चुकून झाकली गेली होती. मॅसरेटर गेला, शेजारची भिंत गेली, आणि उरलेली यंत्रे वाचवण्याच्या घाईत मी ती रेंचऐवजी पिकॅक्सने उपटली. पिकॅक्सने उपटले की त्या मॉडमध्ये यंत्र हाती येत नाही, त्याचा नुसता सांगाडा येतो. ही गोष्टसुद्धा स्प्रेडशीटमध्ये होती, चौथ्या टॅबवर.

मार्गदर्शिका वाचावी ती जुनी वाचावी. जुन्या ग्रंथांना जे वजन असते ते नव्यांना नसते. हिरे ११ व्या पातळीवर खणावेत असे जुन्या जाणत्यांनी सांगून ठेवले आहे, आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजी १.१८ ही आवृत्ती येऊन जगाचा तळ शून्याखाली ६४ पर्यंत गेला व हिऱ्यांची दाटी उणे ५९ च्या आसपास सरकली, एवढ्या क्षुल्लक कारणासाठी परंपरा मोडण्याचे प्रयोजन नाही. ११ व्या पातळीवरही हिरा क्वचित सापडतो. आपणास घाई कसली आहे?

जागेची निवड हा असाच एक पैलू आहे. ‘एफ३’ आणि ‘जी’ एकत्र दाबले की चंकांच्या, म्हणजे जगाच्या चौकोनी तुकड्यांच्या, सीमारेषा दिसू लागतात, आणि एकदा त्या १६ बाय १६ च्या चौकटी दिसल्या की माणूस पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही. आम्लाचा विभाग एका चंकात, वीजघर दुसऱ्या चंकात, मधला बोळ अचूक दोन चंकांच्या सीमेवर, असा नकाशा चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढावा. टेकडी आडवी येत असेल तर ती काढावी लागेल, म्हणजे पिकॅक्स लागेल, म्हणजे ३ इनगॉट लागतील. तेव्हा तूर्तास टेकडीला हात न लावता नकाशाच बदलावा. काही लोक तात्पुरते म्हणून झोपडीच्या दाराशीच यंत्र मांडतात. तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात हे आपल्या शहरांतल्या पत्र्याच्या शेड पाहून ज्याला कळले नाही, त्याला मी काय समजावणार?

ज्यांना एवढ्यानेही समाधान होत नाही त्यांनी ग्रेगटेक हा मॉड घ्यावा. तेथे नुसत्या हाताने एका ओंडक्याच्या चार फळ्या निघत नाहीत, दोनच निघतात, आणि चार हव्या असतील तर करवत करावी लागते. वाफेचा बॉयलर तापलेला असताना कोरडा पडला आणि मग आपण आठवणीने त्यात पाणी ओतले, तर तो फुटतो. ज्या खेळात पाणी आठवणीने घालणे हाही अपराध ठरतो, त्यात नियोजनाला किती वाव असेल याचा विचार करून मी आजही हरखून जातो.

नियोजनाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सोबत खेळणारा माणूस. मी एकदा भाच्याला सर्व्हरवर घेतले. त्याने कोणताही मॉड न अभ्यासता, चित्र आवडले म्हणून क्रिएट निवडला. त्या मॉडला वीज लागत नाही. पाणचक्की, दांडे आणि दातेरी चाके फिरवून सगळे काम होते. त्याच्याकडेही तेच ११ इनगॉट होते. त्यांतले ९ त्याने एका फटक्यात लोखंडाच्या ठोकळ्यात घातले, कारण प्रेस हे दाबयंत्र करायला आख्खा ठोकळा लागतो, आणि उरलेल्या दोहोंचे १८ कण करून ते अँडेसाइट या दगडाच्या मिश्रधातूत घालवले. शिल्लक शून्य. मी त्याला शांतपणे म्हणालो, “अरे, मागे काहीतरी ठेवावं माणसाने.” तो म्हणाला, “मामा, खाली गुहेत आहे की ढीगभर.” मग त्याने नदीच्या काठी चाक बसवले, प्रेसमधून पत्रे काढले, पत्र्यांचा पंखा केला आणि पंख्यासमोर लाव्हा ओतून त्या झोतात खनिजाचे ढीगच्या ढीग एकदम वितळवू लागला. भट्टी एका वस्तूला १० सेकंद घेते, हे माझ्या स्प्रेडशीटमधील पहिले वाक्य होते. ते त्याने वाचलेही नव्हते. एकदा भार जास्त होऊन त्याची सगळी चाके जागच्या जागी थांबली, तेव्हा मला थोडे बरे वाटले. मी त्याला भाराचे गणित समजावून देण्यासाठी वही उघडली, तोवर त्याने शेजारी दुसरे चाक बसवले होते.

त्या रात्री त्याने माझ्या दाराशी एक पेटी आणून ठेवली. तिच्यात ६४ इनगॉट होते आणि पाटीवर “मामासाठी” असे लिहिले होते. मी ते वापरले नाहीत. आराखड्यात देणगीचा रकानाच नव्हता, आणि फुकटचे लोखंड दुपटीत धरायचे की पाचपटीत, हे ठरल्याशिवाय त्याची नोंद कशी करणार?

शेवटी एक बारीकशी सूचना करतो. पेटी उघडी ठेवून विचार करत बसताना खेळ थांबत नाही, हे लक्षात असू द्यावे. येथला एक दिवस २० मिनिटांचा असतो, म्हणजे आपण एन्रिचमेंट चेंबरच्या बाजूने आणि विरुद्ध असे मुद्दे मांडेपर्यंत बाहेर दोन-तीन रात्री होऊन जातात. क्रीपर नावाचा, जवळ येऊन फुटणारा जीव दिवसाउजेडीही मरत नाही आणि झोपडीचे दार करायचे राहून गेलेले असते, कारण दार लाकडाचे की लोखंडाचे, याचा निर्णय दुसऱ्या टप्प्यात होता. फुस्स असा आवाज आला की वळून पाहण्यात अर्थ नसतो. पुन्हा जिवंत होऊन परत आल्यावर झोपडीच्या जागी खड्डा दिसेल; त्यात उतरून शांतपणे शोधावे. ११ पैकी बहुधा ७ इनगॉट सापडतील. ७ इनगॉटांची एक कढई होते, किंवा एक बादली आणि बुटांचा एक जोड, किंवा पिकॅक्स, कात्री आणि दोन ढाली. नवे पान काढावे, वर तारीख घालावी आणि हे तीन पर्याय एकाखाली एक लिहून घ्यावेत.